माझ्या नावाचं कार्ड

श्री
वरची वाडी, अलोरे
२६ जुलै १९९९

प्रिय कौसर,

तुझे अब्बा इथे प्रोजेक्टवर नोकरीला होते तोवर तुला काही विचारायचं असलं की कॉलनीचा उतार उतरायचा, एवढंच काम होतं. आता ते रिटायर झाले, तुम्ही जयगडला गेलात, आणि एका प्रश्नाला जायला चार दिवस आणि उत्तराला यायला चार दिवस लागतात. म्हणून सरळच विचारते. तुला डी.एड.चं कार्ड आलं का?

आपण अर्ज एकाच दिवशी पाठवले. स्वतःचा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड अर्जाला जोडायचं, निवड झाली की तेच कार्ड तारीख घालून परत येणार, असं त्यात लिहिलं होतं. कॉलनीतल्या एका मुलीला कार्ड येऊन आठ दिवस झाले. तिला माझ्यापेक्षा दोन मार्क कमी आहेत. मी तिची मार्कशीट दोनदा बघितली, तिला वाईट वाटलं असेल.

आमच्याकडे टपाल कसं येतं ते तुला ठाऊक आहे. दादू पोस्टमन वाडीत चढत नाही. वाडीचं सगळं टपाल तो रस्त्यावर सोनूबाईच्या चहाच्या टपरीवर ठेवतो आणि कुठल्या घरचं काय ते तिला तोंडी सांगतो. वाडीतलं जो कोणी खाली जाईल त्याच्या हातात ती देते. एका कार्डाला किती हात लागतात ते मी आता मोजते आहे. यातल्या कोणाला मी डी.एड.ला गेलेली नको असेल, असा विचार करते आणि मग असा विचार केला म्हणून मलाच वाईट वाटतं.

रघूमामा मे महिन्यात मुंबईहून आला होता तेव्हा आईला म्हणाला, "शिकवून शिकवून काय करशील? हिला नवरा मिळेल तो हिच्याहून कमी शिकलेला, मग बसा." त्याच्या ओळखीत एक मुलगा आहे. आई तेव्हा चहा ठेवायला उठली. पण गेल्या आठवड्यात तिने मला एकाच दिवशी दोन पत्रं लिहायला लावली, एक विनूदादाला आणि एक रघूमामाला. दोन्हीत मजकूर एकच: बरे आहात का, आपल्या हाताने उत्तर लिहा. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "लिव म्हटलं की लिव गो."

आणखी एक. आई हल्ली देवाजवळ जात नाही. गुडघे धरलेत म्हणते, दिवा मला लावायला सांगते. भाजीची पाटी डोक्यावर घेऊन कॉलनीचा चढउतार मात्र रोज करते. बाबा गेल्यापासून मी तिला असं कधी पाहिलं नाही.

विनूदादा चौथीपर्यंत शिकला. त्याच्या पुढे गेलेली आमच्या घरात मी पहिलीच. त्यामुळे या गोष्टी मी घरात कोणाला विचारू शकत नाही. लगेच लिही.

तुझी,
राही


७८६
जयगड
३१ जुलै १९९९

प्रिय राही,

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. कार्ड आलं. २४ तारखेला. गुरुवार, १२ ऑगस्ट, सकाळी दहा वाजता रत्नागिरीला मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं आहे. जी हजर नसेल तिची जागा पुढच्या मुलीला जाणार, असं खाली लिहिलंय.

तुला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त. मला बोलावलंय म्हणजे तुला बोलावलेलंच असणार. तू घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण तू घाबरणारच, म्हणून कामाचं लिहिते. दादूला गाठ. पोस्टमनला कोणाचं काय आलं ते बरोबर आठवतं. आमच्या इथला पोस्टमन तर दुबईहून आलेल्या पाकिटाला हात लावून सांगतो, आत फोटो आहे की नाही.

मामाचं लक्षण मला पण ठीक वाटत नाही. आणि तुझ्या आईबद्दल लिहावं की नाही कळत नाही, पण लिहिते. माझ्या मोठ्या बहिणीचं ठरत होतं तेव्हा आमची अम्मा अशीच झाली होती. समोर बसायची नाही, जेवताना आमच्याकडे बघायची नाही. आम्हांला वाटलं आजारी आहे. पंधरा दिवसांनी पाहुणे घरात. तेव्हा सांभाळ.

अब्बा गुरुवारी रत्नागिरीला जाणार आहेत, पेन्शनच्या कामाला. ऑफिसच्या बोर्डावर यादी लागली असेल तर ते बघून येतील. तोवर तू तुझ्या बाजूने शोध घे.

अम्मा विचारते, राही अजून मासे बघून नाक मुरडते का. मी सांगितलं, ती आता माणसं बघून मुरडते.

कौसर


श्री
वरची वाडी, अलोरे
४ ऑगस्ट १९९९

प्रिय कौसर,

कार्ड आलं होतं. हे मी तुला पहिल्याच ओळीत लिहिते आहे कारण पुढचं नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

दादूकाकांना मी सोमवारी नाक्यावर थांबवलं. सायकलवरून न उतरताच ते म्हणाले, "तुझं कार्ड? देऊन पंधरा दिस झाले. तुझंच अक्षर होतं. मी म्हटलं, ही पोरगी आता स्वतःलाच पत्र लिवाय लागली."

मी तशीच सोनूबाईकडे गेले. ती भजी तळत होती. म्हणाली, "मला काय अक्षर कळतंय? दादू सांगेल त्या घरचं त्या घरी. तुमचं तुझ्या आयशीच्या पाटीत टाकलं. दोडक्यावर ठेवलं, मला चांगलं आठवतं. तेव्हा तर ती तशीच पाटी उचलून चालती झाली."

घरी आले. आई गोठ्यात होती. मी विचारलं, "सोनूबाईने तुझ्याकडे कार्ड दिलं होतं?" आई म्हणाली, "म्हातारीला काय आठवतंय." मी म्हटलं, "आई, माझं कार्ड आलं आहे." तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुजं आलं नाय. तुजा कागद आला तर तुला देनार नाय का गो मी?" हे बोलताना तिचा आवाज जराही बदलला नाही. मला भीती वाटली ती त्याचीच. माझी आई भाजीच्या गिऱ्हाइकाशी खोटं बोलत नाही.

त्याच दिवशी विनूदादाचं पत्र आलं. बरा आहे, मुंबईत गावकीच्या खोलीवर पाणी नीट येत नाही, एवढंच. आईने ते दोनदा वाचून घेतलं. मग विचारलं, "ह्यो कागद कधी लिवलान?" मी तारीख सांगितली. मग विचारते, "अक्षर त्याचंच ना? नीट बघ." मी बघितलं. त्याचंच होतं, मोठं मोठं. आई जरा वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "मग मामाचं का नाय आलं?"

आता तूच सांग. कार्ड तिच्या हातात पडलं आणि ती नाही म्हणते. मुलाचं पत्र तपासते, मामाच्या पत्राची वाट बघते. मामाकडून काय यायचं आहे? तुझ्या अम्माचं तू लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. काल आई पेटीतून माझी ठेवणीतली साडी काढून बघत होती. मी आत गेले तशी घडी करून ठेवली.

तुला एक विचारायचं आहे, राग मानू नकोस. तुला २४ तारखेला कार्ड आलं. मी विचारीपर्यंत तू मला का कळवलं नाहीस?

मी कार्डाशिवाय १२ तारखेला जाणार आहे. नाव नसेल तर परत येईन. पण आईने कार्ड दिलं नाही तर मी तिला काय बोलेन याचा मला भरवसा नाही.

राही


७८६
जयगड
७ ऑगस्ट १९९९

राही,

अब्बा यादी बघून आले. तुझं नाव आहे. अडतीस नंबर. चाळीस जागा आहेत, म्हणजे तुझी जागा पक्की आहे, फक्त तू तिथे पाहिजेस.

तू विचारलंस त्याचं उत्तर. माझं नाव त्या चाळिसांत नाही. माझ्या कार्डावर प्रतीक्षा यादी, क्रमांक एक, असं लिहिलं आहे. बारा तारखेला चाळिसांपैकी एक जण जरी आली नाही तर ती जागा माझी. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही. कार्ड आलं तेव्हा तुला कळवलं नाही तेही याच्यामुळेच. तुला कार्ड आलं नसेल तर, असा विचार मनात आला आणि मग पेन हातात घ्यावंसं वाटेना.

अब्बा परवाच आले आणि म्हणाले, "लगेच कळव तिला." मी दोन दिवस काढले. आज ते म्हणाले, "हे पोटात ठेवून रोजा धरशील तर नुसती उपाशी राहशील." म्हणून लिहिते आहे.

तुझ्या आईबद्दल मी जे लिहिलं ते मला खरंच वाटलं होतं. पण ते लिहिताना मला बरंही वाटत होतं, हे आता कळतंय.

बाराला ये. दहाच्या आधी.

कौसर


७८६
जयगड
१३ ऑगस्ट १९९९

राही,

काल तू व्हरांड्यात थांबली नाहीस, म्हणून जे बोलायचं होतं ते लिहिते.

क्लार्कने अडतीस नंबर पुकारला तेव्हा साडेदहा झाले होते. कोणी उठलं नाही. त्याने परत पुकारला. माझ्या शेजारी अब्बा बसले होते, ते छताकडे बघत होते. त्याने पेन्सिल उचलली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "वेटिंग एक कोण?" मी उठले. त्या वेळी मी मनात काय म्हणत होते ते लिहीत नाही. पण तू आली नसतीस तर आनंद झाला असता, एवढं समज.

मग तू दारात आलीस. चपला हातात, परकराला घाटातला लाल चिखल. तो म्हणाला, "कार्ड?" तू म्हणालीस, "नाही." "हरवलं?" तू म्हणालीस, "घरात हरवलं." त्याने तुझी मार्कशीट बघितली, कार्ड हरवल्याचं लिहून घेतलं आणि तुला बसायला सांगितलं. मला म्हणाला, "तुम्ही निघालात तरी चालेल." तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. वेटिंग एक म्हणजे मी, हे तुला तेव्हाच कळलं असं तुझ्या तोंडावर दिसलं. म्हणजे माझं ७ तारखेचं पत्र तुला मिळालं नव्हतं.

बाहेर मी हाक मारली. तू म्हणालीस, "तुला माहीत होतं," आणि गेलीस.

माहीत होतं. आणि सगळंच सांगायचं तर, इथे शेजारी नसीमाखालांच्या घरी फोन आहे आणि सोनूबाईच्या टपरीवरच्या फोनच्या लाल डब्याचा नंबर मला पाठ आहे. यादीत तुझं नाव आहे हे मी पाच मिनिटांत कळवू शकले असते. मी पत्र लिहिलं. पत्र टाकलं की आपलं मन साफ होतं, आणि ते वेळेवर पोचलं नाही तर दोष टपालाचा. हे मी ठरवून केलं नाही. पण फोन करायचं सुचलं नाही असंही नाही.

 परतताना जाकादेवीला गाडी थांबली तेव्हा अब्बांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, पुढच्या वर्षी परत भर. अम्मा माझ्यावर चिडली आहे, यादीचं तुला कळवलंच का म्हणून. घरातही दोन पक्ष झालेत.

तुझं कार्ड घरात कोणी लपवलं होतं, ते कळलं का? नको असेल तर सांगू नकोस.

कौसर


श्री
वरची वाडी, अलोरे
१८ ऑगस्ट १९९९

प्रिय कौसर,

तुझं ७ तारखेचं पत्र मला १३ तारखेला सकाळी सोनूबाईने दिलं. त्यावर इथल्या पोस्टाचा १२ तारखेचा शिक्का आहे. त्या दिवशी मी तुझ्यासमोर होते. हे सांगते ते तुझा दोष कमी करायला नाही. तू फोन केला नाहीस याचा मला राग आला आणि अजून थोडा आहे. पण तू लिहिलं नसतंस तर मला ते कळलंच नसतं, आणि कळलं नसतं तर मी तुझ्याबद्दल जन्मभर त्याहून वाईट काहीतरी धरून बसले असते. मी या दिवसांत माणसांबद्दल काय काय धरून बसले होते ते आता सांगते.

११ तारखेला अमावास्या होती आणि ग्रहणही. शेजारच्या बायका म्हणाल्या, ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी पोरीला एवढ्या लांब कशाला पाठवतेस. आई म्हणाली, "जाऊ दे तिला." मला त्याचाही संशय आला. कार्ड लपवते आणि जा म्हणते, म्हणजे हिला माहीत आहे की माझं काही होणार नाही. मी तिला म्हटलं, "तुला वाचता येत नाही म्हणून मी पण तशीच राहायला पाहिजे का?" कौसर, मी हे माझ्या आईला म्हटलं. ती चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. सकाळी चारला उठून भाकरी बांधून दिली आणि पहिल्या गाडीपर्यंत माझ्याबरोबर उतरली. मी तिच्याशी बोलले नाही. पुढे घाटात गाडी चिखलात रुतली आणि मला उशीर झाला, ते तू बघितलंसच.

रात्री परत आले. माझं नाव लागलं, वीस तारखेला हॉस्टेलला जायचं, एवढं सांगितलं आणि झोपले. सकाळी तुझं पत्र घेऊन वर आले तर आई अंगणात उभी होती. हातात मिठाच्या पिशवीचं प्लॅस्टिक. म्हणाली, "झालं ना तुजं सगळं? आता कोन अडवनार नाय?" मी म्हटलं, नाही. मग तिने प्लॅस्टिक उलगडलं आणि आतलं कार्ड माझ्यासमोर धरलं. म्हणाली, "आता वाच. कोन गेलं ते वाच."

कार्डाचा वरचा कोपरा फाटलेला होता.

तुमच्यात कसं असतं मला माहीत नाही. आमच्यात कोणी मेल्याचं कळवायचं तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात, काळ्या शाईने लिहितात आणि वर श्री घालत नाहीत. तसलं कार्ड घरात आणत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. आईला अक्षर येत नाही, पण श्रीचा आकार ती ओळखते, आणि कोपरा ओळखायला शाळेत जावं लागत नाही. सोनूबाईने ते दोडक्यांवर ठेवलं तेव्हा तिने तिन्ही खुणा बघितल्या आणि तशीच पाटी उचलून वर आली. कार्ड गोठ्याच्या कुडात खोचून ठेवलं, घरात नाही. पंचवीस दिवस.

तो कोपरा कसा फाटला ते मला माहीत आहे. अर्जाला कार्ड जोडायचं होतं, टाचणी निघून पडेल म्हणून मी ते लाल दोऱ्याने दुहेरी शिवलं होतं. तू हसली होतीस. १२ तारखेला क्लार्कने माझा अर्ज पुढ्यात घेतला तेव्हा वर तो दोरा आणि त्यात अडकलेला कार्डाचा कोपरा तसाच होता. त्यांनी ओढून काढलं असणार. मी ते बघितलं आणि मला काहीही वाटलं नाही.

मी आईला विचारलं, मला वाचायला का नाही दिलंस? ती म्हणाली, "वाचलंस की कळलं. कळलं की सुतक लागलं. घरात सुतक, आनि तुजं बोलावनं आलं, तर तुला धा दिस घराबाहेर कोन पडू देईल? म्हटलं, आधी तुजा कागद येऊ दे. तू जाऊन ये. मेलेलं मानूस कुठं पळून जातंय?"

म्हणून ती एकटी देवाजवळ जात नव्हती. मला माहीत नव्हतं, म्हणून मी दिवा लावला तर चालत होतं. म्हणून विनूदादाचं अक्षर, मामाचं पत्र. मामाचं अजून आलेलं नाही, तो आळशी आहे. ती साडीसुद्धा हॉस्टेलला देण्यासाठी बघत होती. माझं कार्ड मला मिळावं म्हणून तिने माझं कार्ड लपवून ठेवलं होतं, आणि मी तिला विचारत होते, माझं कार्ड कुठे आहे.

मी वाचून दाखवलं. माझं नाव, माझा पत्ता, १२ ऑगस्ट, सकाळी दहा. आई म्हणाली, "आनि?" मी म्हटलं, "आणि काही नाही." "कोन?" "कोणी नाही, आई. हे माझंच आहे." तिने ते माझ्या हातातून घेतलं, उलटं-सुलटं बघितलं, परत दिलं. म्हणाली, "नीट वाच." मी परत वाचलं. मग ती पायरीवर बसली.

मी अजून तिची माफी मागितलेली नाही. आमच्या घरात कोणी कोणाची मागत नाही, कशी मागतात ते मला माहीत नाही. संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसले, तांदूळ निवडायला घेतले.

जागा मी सोडणार नाही. हे तुला लिहिताना बरं वाटत नाही, पण खोटं लिहीत नाही. कॉलनीतली मुलगी म्हणत होती, महिनाअखेरीपर्यंत हॉस्टेलला कोणी आलीच नाही तर वेटिंगला परत बोलावतात. वीसला गेले की मी स्वतः क्लार्कला विचारीन आणि नसीमाखालांच्या घरी फोन करीन. पत्र नाही, फोन. नंबर पाठव.

रात्री आईला विचारलं, "तुला कोण गेलंय असं वाटत होतं? दादा की मामा?" तिने अंथरूण झटकलं. मग म्हणाली, "एक थोडाच? आज विनूला मारायचा, उद्या त्याला उठवून रघूला मारायचा. हर्ण्याची गोदामावशी पन दोनदा मेली. रोज सकाळी पाटी उचलताना एक जन ठरवायचा, म्हंजी दिस जायचा."

मी विचारलं, "आणि मी?"

"तू समोर होतीस," आई म्हणाली. "तुला बघून बघूनच तर बाकीच्यांना मारता येत होतं."

राही